पाणी डोंगर चढते तेव्हा



जर्मनीतील हायडेलबर्ग या गावाचे नाव आपल्या बेटावरील मराठी घरांत सहसा निघत नाही. नेकार नदीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे गाव विद्यापीठासाठी जगभर प्रसिद्ध आहे. विद्यापीठ १३८६ सालचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधीचे. गावाच्या डोक्यावर एक मोठा, पडझड झालेला तांबड्या दगडाचा राजवाडा आहे. प्रवासी तो पाहायला लांबून येतात आणि फोटो काढून परत जातात.

आज आपण मात्र राजवाडा बघणार नाही. त्याच्या जवळच डोंगरात एक झरा आहे, तो बघू. त्याला राजाचा झरा म्हणतात. १७२० साली तिथल्या राजाने आपली राजधानी हायडेलबर्गहून मानहाइमला हलवली. मानहाइम सुमारे वीस किलोमीटरवर, सपाटीला, दोन नद्यांच्या संगमावर आहे. नद्या दोन, पण तिथले पाणी पिण्याला चांगले नव्हते. मग काय केले? दरबाराला पिण्यासाठी हायडेलबर्गच्या डोंगरातले पाणी वाहून नेण्यात येऊ लागले.

राजाला ते जमले, कारण त्याच्या पदरी माणसे होती, जनावरे होती आणि खजिना होता. पण डोंगरावरच्या पन्नास-शंभर उंबऱ्यांच्या गावाने काय करावे? त्याच्यासाठी कोण पाणी वाहणार? आणि कुणी आणलेच तर ते कुणाला किती मिळावे, राखावे कुणी, पैसे कुणी द्यावेत? हा प्रश्न जर्मनीच्या खेड्याला पडला, महाराष्ट्राच्या खेड्याला पडला, आणि थोड्या वेगळ्या रूपात आपल्या बेटावरही आहेच. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

हायडेलबर्गचा मराठी माणूस

हायडेलबर्गपासून सुरुवात करण्याला आणखी एक कारण आहे. तिथल्या विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशियाच्या अभ्यासाची एक संस्था निघाली. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ अशा देशांच्या भाषा, इतिहास, शेती, अर्थकारण यांचा तिथे अभ्यास होतो. या संस्थेत गुंथर-डीट्झ सोंथायमर नावाचे एक प्राध्यापक होते. जन्म १९३४ चा, निधन १९९२ साली. जन्माने जर्मन, पण मनाने इतके मराठी झाले की धनगरांच्या वाड्यावर घोंगडीवर बसून ओव्या ऐकाव्यात आणि त्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घ्याव्यात, यात त्यांना सगळ्यांत मोठा आनंद वाटे.

सोंथायमर मूळचे कायद्याचे अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंब, त्याची सामायिक मालकी, वाटणीचे नियम यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. पुढे ते जेजुरीच्या खंडोबाकडे, वीर गावच्या म्हस्कोबाकडे आणि धनगरांच्या बिरोबाकडे वळले. या तिन्ही देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला आणि १९८९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. आपल्या घरांत खंडोबाचा टाक अजून पुजला जात असेल, तर हे काम आपल्याही घरचे आहे असे समजावे.

या अभ्यासातून सोंथायमरांनी एक गोष्ट फार स्पष्ट केली. सह्याद्रीच्या पूर्वेला जो कोरडा पट्टा आहे तिथे धनगराचे सारे आयुष्य पावसाच्या मागे चालते. कोकणात धो धो पाऊस पडतो, तो मेंढरांना सोसत नाही. म्हणून पावसाळ्यात कळप देशावर आणि पावसाळा संपला की चाऱ्यासाठी पुन्हा बाहेर. एकीकडे रान, दुसरीकडे गावाची नांगरलेली जमीन. सोंथायमर यांना 'वन' आणि 'क्षेत्र' असे म्हणत. दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आता पाहा. रान कुठे संपते आणि क्षेत्र कुठे सुरू होते, हे ठरते कशावर? पाण्यावर. जिथे पाणी टिकते तिथे माणूस टिकतो. पाणी नसले की शेतकऱ्यालाही धनगरासारखे बाहेर पडावे लागते. फरक एवढाच की धनगराला परत यायची वाट माहीत असते. आपले पूर्वज १८३४ नंतर जहाजात बसले, त्यांच्यातल्या कितीजणांना ती वाट पुन्हा सापडली?

पाटलाचे धाडस

हायडेलबर्ग आज ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातच, आग्नेयेला, स्वाबियन आल्ब नावाचे एक उंच पठार आहे. पाऊस पडतो, बर्फही पडते. पण जमीन चुनखडीच्या दगडाची. त्या दगडाला भेगा आणि पोकळ्या असतात. पडलेले पाणी चाळणीतून जावे तसे खाली जाते आणि थेट दरीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे दरीत पाणीच पाणी आणि वर पठारावर घशाला कोरड.

वरच्या गावांतले लोक छपरावरचे पावसाचे पाणी हौदात साठवीत. छपरे गवताची, तेव्हा ते पाणी कसे असेल याची कल्पना करावी. गावात मातीने लिंपलेली डबकी असत. गुरे तिथेच पीत. उन्हाळा लांबला की बैलगाड्यांतून पिपे घालून दरीतून पाणी आणावे लागे, आणि चढणीला अर्धा दिवस मोडे. आग लागली तर विझवायला पाणीच नसे.

कार्ल एहमान नावाच्या स्टुटगार्टच्या इंजिनियरने यावर एक तोड काढली. दरीत झरा आहे आणि दरीतच नदीही आहे. नदीच्या प्रवाहाने पाणचक्की फिरवायची, चक्कीने पंप चालवायचा आणि झऱ्याचे स्वच्छ पाणी लोखंडी नळांतून वर पठारावर चढवायचे. कोळसा नको, वाफ नको. पाण्यानेच पाण्याला उचलायचे. हा खर्च एका गावाला झेपणार नाही म्हणून तीन-चार गावांनी मिळून एक गट करावा, सरकारने थोडी मदत द्यावी, बाकीचे गावांनी उभे करावे.

आज हे वाचताना साधे वाटते. पण त्या वेळी लोक हसले. पाणी उताराकडे धावते हे लहान पोरालाही कळते, ते डोंगर कसे चढेल? दुसरी भीती कर्जाची होती. योजना फसली तर नळ जमिनीत कुजतील आणि हप्ते मात्र नातवापर्यंत फेडावे लागतील. ही भीती खोटी नव्हती. गरीब गावाने एकदा कर्ज काढले की दुसरी संधी मिळत नाही.

युस्टिंगन नावाच्या गावी फिशर नावाचे गावप्रमुख होते. तिथे त्यांना शुल्थाइस म्हणत, म्हणजे आपल्याकडचे पाटीलच. ते एहमानच्या बाजूने उभे राहिले. गावात विरोध मोठा होता. पण पाटलांनी आपले वजन आणि आपला शब्द दोन्ही पणाला लावले. युस्टिंगन, इंगश्टेटन आणि हाउझन या तीन गावांचा पहिला गट झाला. खाली श्मीख नदीच्या काठी, टॉयरिंग्सहोफेन येथे पंपघर बांधण्यात आले. १८७० साल. त्याच वेळी फ्रान्सशी युद्ध चालू होते, आणि इकडे डोंगरात नळ टाकले जात होते.

१८ फेब्रुवारी १८७१ या दिवशी पाणी सुमारे दोनशे मीटर चढून युस्टिंगनला पोहोचले. हसणाऱ्यांचा आवाज बंद झाला. त्यानंतर शेजारच्या गावांनी वाट पाहिली नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत पठारावरची बहुतेक गावे एकामागून एक अशाच गटांत आली. या गटांचे उत्तराधिकारी आजही पाणी पुरवतात. टॉयरिंग्सहोफेनचे जुने पंपघर आता स्मारक म्हणून जपले आहे.

या गोष्टीत इंजिनियरचे मोल मोठे आहेच. पण यंत्र तयार असूनही गाव तयार नसते, तेव्हा काम अडते. कोणी तरी गावातला, गावाला ओळखीचा माणूस पुढे येऊन 'चूक झाली तर माझ्या माथी' असे म्हणतो, तेव्हाच नळ जमिनीत जातो. पुढारीपण म्हणतात ते हेच.

पुरंदरचा इंजिनियर

आता सोंथायमरांच्या आवडत्या मुलखात येऊ. पुणे जिल्ह्यातला पुरंदर तालुका. जेजुरीचा खंडोबा याच तालुक्यात, वीरचा म्हस्कोबाही याच तालुक्यात. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगर आणि बरा पाऊस. पूर्वेला सरकत गेले की पाऊस कमी होतो, जमीन उघडी पडते.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. पुण्याचे एक इंजिनियर आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी हे जवळून पाहिले. त्यांना वाटले, हे हात खडी फोडण्याऐवजी पाणी अडवण्याला का लावू नयेत? केवळ प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सोळा हेक्टर, म्हणजे चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी भाड्याने घेतली. बांध घातले, उतारावरचे पाणी अडवले, खाली पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खणली आणि तिचे पाणी उचलून पुन्हा वरच्या जमिनीला दिले. ओसाड माळावर पीक उभे राहिले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था निघाली आणि या कामाला पुढे पाणी पंचायत हे नाव पडले.

बांध, तलाव, विहिरी महाराष्ट्रात दुसरीकडेही झाले होते. पाणी पंचायतीचे वेगळेपण तिच्या नियमांत आहे. ते नियम नीट वाचावेत, कारण त्यांत फार मोठा विचार आहे.

पहिला नियम, योजना गटाचीच. एकट्या शेतकऱ्याला, त्याच्याकडे पैसा असला तरी, वेगळी योजना नाही. दुसरा, पाण्याची वाटणी जमिनीवर नाही तर माणसांवर. घरात जितकी डोकी तितके पाणी. दर माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. तिसरा, पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी विकता येत नाही. ते गटाकडे परत येते. चौथा, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. पाचवा, ऊस लावायचा नाही.

पैशाचाही हिशेब ठरलेला होता. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी आपल्या खिशातून भरायचा. निम्मा सरकारी अनुदानातून. उरलेला प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. ज्याने स्वतःचे पैसे घातले तो पंप बंद पडल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवीत बसत नाही. पाणी सोडायला गटाने आपला पाटकरी नेमायचा. कुणाची पाळी कधी, हे तो बघतो. त्याचा पगार गट देतो आणि म्हणून तो गटालाच जबाबदार असतो.

उसाची भानगड

ऊस नको, हा नियम वाचून आपल्यातले थोरले हसतील. उसानेच तर आपल्या पूर्वजांना या बेटावर आणले! उसाच्या रसावर आपली घरे उभी राहिली, मुलांच्या शाळांचे पैसे झाले. पण हा फरक ध्यानात घ्यावा. आपल्या बेटावर मध्यभागी आणि दक्षिणेला ऊस बराचसा पावसावर वाढतो. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या कोरड्या भागात त्याला पाट लागतात. महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात मात्र ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष, शेतात उभा राहतो आणि त्या सगळ्या काळात पाणी मागतो. एका उसाच्या एकराच्या पाण्यात ज्वारी, बाजरी, कडधान्याचे कित्येक एकर भिजतात. गटातल्या एकाने ऊस लावला की बाकीच्यांच्या पाळ्या सुकतात. म्हणून हा नियम. उसाशी वैर नाही, शेजाऱ्याची काळजी आहे.

विलासराव २००२ साली गेले. त्यांच्या पत्नी कल्पनाताई साळुंखे यांनी काम पुढे चालवले. पण खरे बोलायचे तर साऱ्या योजना टिकल्या नाहीत. काही ठिकाणी विजेचे बिल थकले. काही ठिकाणी उसाचा मोह झाला. काही ठिकाणी जुने पंच थकले आणि नवे पुढे आले नाहीत. कुठे विहिरीलाच पाणी राहिले नाही. हे लपवण्यासारखे नाही. चांगला नियम कागदावर लिहिणे सोपे. वीस वर्षे तो पाळणे अवघड.

शेवटच्या शेताचा न्याय

पाण्याच्या व्यवस्थेत एक जुने भांडण आहे. पाट जिथे सुरू होतो तिथला शेतकरी आधी पाणी घेतो. शेवटी जो असतो त्याच्यापर्यंत कधी थेंब येतो, कधी येत नाही. महाराष्ट्रात त्याला टेलचा शेतकरी म्हणतात. इंग्रजीतून आलेला हा शब्द आता खेडोपाडी पक्का मराठी झाला आहे, कारण दुःखही तितकेच पक्के आहे.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर फार जुन्या काळापासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात कोणते पीक, हे गाव बसून ठरवणार. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या पिकाची राखण करणार. पाट साफ करायला सगळ्यांनी यायचे. सरकारी अंमलदार नाही, पोलीस नाही. शेकडो वर्षे हे चालले, कारण पाण्याची वाटणी आणि पिकाची निवड या दोन गोष्टी कुणा एकट्याच्या हाती नव्हत्या.

अलीकडचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील ओझरचे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटी असलेल्या या गावाला पाणी पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९९१ साली तिथे पाणीवापर संस्था सुरू झाल्या. सरकारकडून मोजून पाणी घ्यायचे, मोजून पैसे भरायचे आणि आत वाटणी आपण करायची. नाल्यांवर बंधारे घालून विहिरींचे पाणी वाढवले. पुढे साऱ्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. २००५ साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठी कायदा केला, त्याच्या मागे असे अनुभव होते.

मोजणे हा शब्द लक्षात ठेवावा. न मोजलेले पाणी नेहमी बलवानाचे असते.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव याच वाटेने गेले. पाऊस कमी, वर्षाला सुमारे चारशे मिलिमीटर. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पाणी अडवण्याची कामे झाली. पण त्याहून मोठे काम म्हणजे पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि ग्रामसभेत ठरवायचे की यंदा पिण्याला इतके, गुरांना इतके, मग उरले तर कोणते पीक. शेतीसाठी कूपनलिका खणायची नाही, असा नियम गावाने स्वतःवर घातला. कारण खोल कूपनलिका म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत घातलेली गुपचूप नळी. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री मिळाली. पण ताळेबंद दरवर्षी गावच मांडते, ती खरी कमाई.

पुढारी कसा असावा

या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात.

पाण्याचे काम पहिल्या दिवशी इंजिनियरचे असते, दुसऱ्या दिवसापासून गावाचे. उद्घाटनाला मंत्री येतात, हार होतात, फोटो छापून येतात. पण पंपाचे वॉशर गेले तर मंत्री येत नाहीत. तेव्हा गावाकडे चार पैसे जमलेले हवेत, दुरुस्ती जाणणारा माणूस हवा आणि त्याला पगार देण्याची सवय हवी. फुकट पाणी ही फार महाग गोष्ट आहे, कारण ते एक दिवस बंद पडते आणि मग टँकर विकत घ्यावा लागतो.

हिशेब उघडा हवा. ज्या समितीचा जमाखर्च भिंतीवर लावलेला असतो तिच्याविषयी कुजबुज कमी होते. कुजबुज वाढली की लोक पट्टी भरणे थांबवतात, पट्टी थांबली की दुरुस्ती थांबते, दुरुस्ती थांबली की पाणी थांबते. एका अफवेने विहीर आटल्यासारखे होते.

बायकांना समितीत खरी जागा हवी. पाणी भरते कोण? हंडा कुणाच्या डोक्यावर असतो? नळाला किती वाजता पाणी येते, कोणत्या आळीत दाब कमी असतो, हे घरातल्या बाईला समितीच्या अध्यक्षापेक्षा चांगले ठाऊक असते. २०१९ साली भारत सरकारने घरोघरी नळ देण्याची जल जीवन मोहीम सुरू केली, तिच्यात गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असे सांगितले आहे. नाव कागदावर घालून सही नवऱ्याने करायची, असे जिथे चालते तिथे तो नियम फुकट जातो. जिथे बाई स्वतः बोलते तिथे नळ दुरुस्त होतो.

आणि शेवटची, सगळ्यांत अवघड गोष्ट. पुढाऱ्याने आपल्या मागचा माणूस आपल्या हयातीत तयार करायला हवा. एकाच्या खांद्यावर चालणारी योजना त्या खांद्याबरोबर खाली येते. आल्बच्या पठारावर पाटील फिशर गेले तरी पाणी चढत राहिले, कारण तीन गावांचा गट होता, नियम होते, कारभार एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. पुढे १९५४ साली याच राज्यात तेरा नगरपालिकांनी आणि गावांनी मिळून बोडन सरोवराचे पाणी दूरवर नेण्याचा संघ काढला. १९५८ साली पाणी वाहू लागले. आज तो संघ सुमारे चाळीस लाख लोकांना पाणी देतो, आणि त्याची मालकी अजून गावांची आणि शहरांचीच आहे. तीन गावांच्या गटात जी रीत पडली, तीच पुढे एवढी वाढली.

आपल्या बेटाकडे

आपल्या बेटावर डोंगर-पठारावर भरपूर पाऊस आणि पश्चिम किनाऱ्याला उन्हाचा चटका. व्हाक्वाच्या घरात छत्री वाळत नाही त्याच दिवशी काळ्या नदीच्या बाजूला धूळ उडते. नद्यांच्या पाण्याचे हक्क इथे १८६३ च्या कायद्याने ठरले आणि ते बरेचसे मळ्यांच्या हाती राहिले. आपल्या आजोबा-पणजोबांनी मळ्यातल्या छावणीत जे पाणी मिळेल ते प्यायले. १९७१ साली सेंट्रल वॉटर ऑथॉरिटी स्थापन झाली आणि हळूहळू घरोघरी नळ आले. मार-ओ-व्हाक्वाचा मोठा जलाशय आपल्या घराच्या नळाला जोडला गेला. हे थोडे सुख नाही.

पण या सुखाने एक सवय लागली. नळ सोडला की पाणी, आणि नळ कोरडा पडला की सरकारला दोष. १९९९ सालच्या दुष्काळात आपण सर्वांनी पाहिले की जलाशयाचा तळ दिसू लागला म्हणजे काय होते. पाणी ठरावीक तासांनाच येऊ लागते. मग ज्याच्या छपरावर मोठी टाकी आणि खाली पंप आहे त्याचे घर भरते, आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीच्या बादलीत हवा सुसकारते. महाराष्ट्रातला टेलचा शेतकरी आपल्या गल्लीतही राहतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, फक्त त्याच्या बादलीची चौकशी आपण करीत नाही.

सरकारने नळ दुरुस्त करावेत, गळती थांबवावी, नवी धरणे बांधावीत, हे मागायलाच हवे. पण गल्लीची वाटणी सरकार करू शकत नाही. आपण मात्र करू शकतो. आपल्या मंदिराच्या समित्या आहेत, भजनी मंडळे आहेत. गणेशोत्सवात वर्गणी गोळा होते, पावती फाडली जाते, हिशेब वाचून दाखवला जातो, कामे वाटून घेतली जातात. म्हणजे सामायिक गोष्ट कशी सांभाळायची हे आपल्याला येते. तोच वही-खडू घेऊन गल्लीच्या पाण्याचा हिशेब करायला काय हरकत आहे? कोणाकडे टाकी आहे, कोणाकडे नाही, कोणाच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, कोरड्या दिवसांत कोणाला आधी द्यायचे, हे पावसाळ्यातच बसून ठरवावे. दुष्काळात ठरवायला गेले की भांडणच होते.

आणि ज्यांच्या घरासमोर जागा आहे त्यांनी छपरावरचे पाणी एका पिपात धरावे. आल्बच्या खेडुतांनी नाइलाजाने जे केले ते आपण सुखाने करू. बागेला, कपड्यांना, अंगण धुवायला ते पुरेल. तेवढेच नळाचे पाणी दुसऱ्या घरी जाईल.

नायगावची ती चाळीस एकर जमीन देवस्थानची होती, हे पुन्हा आठवावे. देवाची जमीन पडीक होती, तिच्यावर माणसांसाठी पाणी उभे राहिले. खंडोबाला यात राग आला नसावा. भंडारा उधळताना तोही सगळ्यांच्या अंगावर सारखाच पडतो.

युस्टिंगनच्या लोकांना वाटत होते की पाणी डोंगर चढत नाही. एकटे ते चढत नाहीच. तीन गावांनी हात लावला तेव्हा ते चढले. आपल्या गल्लीत चढण एवढी उंच नाही. शेजारच्या दारापर्यंतच जायचे आहे.